कपात झाली, भरणा नाही

महापालिकेच्या लेखा विभागात माझी बहुतेक नोकरी पगाराच्या टेबलावर गेली. आमच्याकडे माणूस टेबलावरून ओळखला जातो: ठेकेदारांच्या बिलांचं टेबल, पेन्शनचं टेबल, ऑडिटचं टेबल. पगाराचं टेबल मागून घेणारं कोणी नसतं, कारण महिना संपत आला की अख्ख्या इमारतीची नजर त्याच टेबलावर असते. शहराचं नाव मी इथे लिहीत नाही. राज्यातल्या 'ड' वर्ग महापालिकांमध्ये कुठेही चौकशी केलीत तर थोड्याफार फरकाने हेच ऐकायला मिळेल.

मी नोकरीला लागले तेव्हा जकात होती. नाक्यांवरची रात्रीची वसुली सकाळी रोखपालाकडे यायची, मोजली जायची आणि दुपारपर्यंत बँकेत जमा व्हायची. जकातीबद्दल व्यापाऱ्यांच्या तक्रारी खोट्या नव्हत्या. ट्रकच्या रांगा, नाक्यावरची चिरीमिरी, मालाच्या पावत्यांवरून होणारे वाद हे सगळं मी ऐकलेलं आहे आणि जकात गेली याचं मला दुःख नाही. पण त्या करात एक गोष्ट होती. महापालिकेच्या हातात रोज स्वतःचे पैसे येत. चार दिवस वसुली कमी झाली, तरी पाचव्या दिवशी नाक्यावर माल येणारच, हे रोखपालालाही माहीत असायचं. पगाराची तारीख त्या भरवशावर ठरायची.

नगरपालिकांची जकात १९९९ मध्येच गेली होती. महापालिकांमध्ये २०१० पासून टप्प्याटप्प्याने एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला आणि २०१३ पर्यंत मुंबई सोडून सगळीकडे तो लागू झाला. व्यापाऱ्यांनी दुकानं बंद ठेवली, मोर्चे काढले. १ ऑगस्ट २०१५ पासून पन्नास कोटींच्या आतल्या उलाढालीला एलबीटी माफ झाला. म्हणजे आमच्यासारख्या गावात जवळपास सगळ्यांनाच. मग १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. तेव्हापासून महापालिकेचं सगळ्यात मोठं उत्पन्न म्हणजे राज्य सरकारकडून दरमहा येणारं भरपाईचं अनुदान. २०१६-१७ हे आधारवर्ष धरून त्यात वर्षाला आठ टक्के वाढ, असं कायद्यात ठरलं. आठ टक्के वाईट नाहीत. पण ज्या गावाची वसुली त्या आधारवर्षातच दुबळी होती, त्याला दुबळ्या आकड्यावरच आठ टक्के मिळत राहिले. इकडे महागाई भत्ता वर्षातून दोनदा वाढतो, वेतनवाढ दर जुलैला लागते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सातवा वेतन आयोग महापालिकांना लागू करण्याचा शासन निर्णय आला, आणि वाढीव खर्च ज्या त्या संस्थेने आपल्या उत्पन्नातून भागवायचा होता. वेतन आयोग हा कामगाराचा हक्क आहे, त्यात मला शंका नाही. पण राज्याने आमचा कर काढून घेतला, पगाराचा दर ठरवून दिला आणि खर्च मात्र आमच्याकडे ठेवला, हे मी टेबलावर बसून रोज पाहत होते.

अनुदान कोणत्या तारखेला येईल ते सांगता येत नसे. ते बँकेत जमा झाल्याचा मेसेज आला की लेखाधिकाऱ्यांच्या केबिनमध्ये एक यादी तयार व्हायची. कोणाला आधी द्यायचं, कोणाला मागे ठेवायचं. ही यादी कुठल्या नियमपुस्तकात नाही, पण लहान महापालिका तिच्यावरच चालतात. पहिला महावितरण. पंपिंग स्टेशनची वीज तोडली तर दुसऱ्या दिवशी गावाला पाणी नाही. दुसरा कर्जाचा हप्ता. तो बँक खात्यातून परस्पर वळता करून घ्यायची, आम्हाला विचारण्याचा प्रश्नच नव्हता. मग पाणी शुद्ध करायला लागणारी तुरटी आणि क्लोरीन, मग घंटागाड्यांचं डिझेल. मधेच एखाद्या ठेकेदाराचं बिल शिरायचं, त्यासाठी वरून फोन आलेला असायचा. आणि मग पगार: आधी चतुर्थश्रेणी, मग तृतीयश्रेणी, मग अधिकारी. पेन्शनर त्यांच्याही मागे.

चतुर्थश्रेणीला पगारात आधी घ्यायचं ही आमच्या एका जुन्या मुख्य लेखापालांची पद्धत, आणि ती पुढेही कोणी मोडली नाही. याचा मला आजही अभिमान वाटतो. पण पगार झाला असं आम्ही म्हणायचो, तेव्हा नेमकं काय झालेलं असायचं ते सांगायला हवं.

पगारबिलाच्या डाव्या बाजूला मूळ वेतन, महागाई भत्ता, घरभाडे भत्ता, धुलाई भत्ता, आणि त्यांची एकूण बेरीज. उजव्या बाजूला कपाती. भविष्य निर्वाह निधी. व्यवसाय कर, दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३००. आयुर्विम्याचा हप्ता. गटविमा. कर्मचारी पतसंस्थेच्या कर्जाचा हप्ता. बँकेचा हप्ता. सण अग्रिम घेतला असेल तर त्याची परतफेड. युनियनची वर्गणी. १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही, म्हणून त्यांच्या वेतनातून अंशदानाचे दहा टक्के. एकूण वेतनातून हे सगळं वजा झालं की शेवटच्या रकान्यात उरते ती निव्वळ देय रक्कम. पैशांची ओढाताण असली की आम्ही तेवढीच निव्वळ रक्कम कामगारांच्या खात्यात टाकत असू. उजव्या बाजूच्या कपाती कागदावर झालेल्या असायच्या. त्या ज्या त्या संस्थेकडे भरायच्या, तो भरणा राहून जायचा.

सगळ्या कपातींचं असं होत नसे. आयकराची कपात आम्ही कधी अडवली नाही, कारण कापलेला आयकर वेळेवर भरला नाही तर महिन्याला दीड टक्का व्याज लागतं आणि नोटीस थेट अधिकाऱ्याच्या नावाने येते. हे लक्षात आलं आणि मला अख्खी यादीच नव्या नजरेने दिसू लागली. जो वीज तोडू शकतो त्याचे पैसे आधी जातात. जो खात्यातून परस्पर काढू शकतो त्याचेही जातात. जो व्याज लावू शकतो त्याचेही. ज्याला यातलं काहीच करता येत नाही, त्याच्या पैशांवर गाव चालतं.

आरोग्य विभागातल्या एक मावशी एकदा दुपारी हातात चिठ्ठी घेऊन टेबलापाशी आल्या. पहाटे साडेपाचला हजेरी देऊन, बाजारपेठेचा पट्टा झाडून आलेल्या. पदराने घाम पुसत त्यांनी चिठ्ठी पुढे केली. "बाई, पतपेढीवाले म्हणतात माझा हप्ता थकलाय. वर दंडव्याज लावलंय. माझ्या पगारातनं तर दर महिन्याला कटतंय, तुमच्याच पावतीवर लिहिलंय की." त्यांनी पगाराची पावतीही आणली होती, प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून. पावतीवर हप्ता कापल्याची नोंद होती. पतसंस्थेच्या चिठ्ठीवर तो न आल्याची नोंद होती. दोन्ही कागद खरे होते. मुलीच्या लग्नासाठी घेतलेल्या कर्जावर त्या बाई स्वतः भरलेल्या हप्त्याचा दंड भरत होत्या, कारण मधल्या काळात तो हप्ता महापालिकेने वापरला होता.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ४९ प्रमाणे पगारातून हप्ता कापून तो संस्थेकडे पोचवणं ही मालकाची जबाबदारी आहे. हे मी त्यांना सांगून काय उपयोग होता? मी पतसंस्थेच्या सचिवांना पत्र तयार करून दिलं: कपात झालेली आहे, भरणा प्रलंबित आहे, दंडव्याज सभासदाकडून घेऊ नये. साहेबांनी सही केली. असं पत्र मागायला पुढे रांगच लागू लागली. विम्याच्या हप्त्याचं तर आणखी भीतीचं होतं, कारण माणूस गेल्यावरच कळायचं की पॉलिसी बंद पडली आहे. दिल्लीच्या वीज उपक्रमातल्या एका कामगाराच्या बाबतीत नेमकं हेच घडलं होतं आणि त्याच्या विधवेचा दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९९९ मध्ये न्यायालयाने म्हटलं की पगारातून हप्ता कापणारा मालक हा आयुर्विमा महामंडळाचा एजंटच धरायला हवा. त्याने भरणा केला नाही म्हणून विधवेचे पैसे बुडत नाहीत. त्या निकालाचं टिपण मी टेबलाच्या खणात ठेवलं होतं आणि लागेल तसं दाखवत असे.

माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते मी पूर्ण जबाबदारीने मांडते: ज्याला आपण थकलेला पगार म्हणतो, ते शहराने आपल्या सफाई कामगारांकडून, शिपायांकडून, पंप चालवणाऱ्यांकडून घेतलेलं कर्ज असतं. त्याला व्याज नाही, मुदत नाही, करारपत्र नाही आणि देणाऱ्याची संमतीही नाही. ताळेबंदात ते कर्जाच्या शीर्षाखाली येत नाही, म्हणून सभागृहात त्यावर चर्चा होत नाही. बँकेकडून पाच कोटी काढायचे तर ठराव लागतो, शासनाची मान्यता लागते. कामगाराकडून काढायला पगाराच्या टेबलावर एक तोंडी निरोप पुरतो.

न्यूयॉर्कची गोष्ट मला युनियनच्या एका शिबिरात पहिल्यांदा समजली, नंतर मी ती मिळेल तिथे वाचली. १९७५ मध्ये त्या शहराला बँकांनी कर्ज देणं बंद केलं. जुलैच्या सुरुवातीला हजारो कामगारांना कमी केल्यावर सफाई कामगारांनी काम बंद केलं, रस्त्यांवर कचऱ्याचे ढीग लागले. ऑक्टोबरमध्ये तर दुसऱ्या दिवशी शहर नादार ठरणार अशी वेळ आली, तेव्हा शिक्षकांच्या पेन्शन फंडाने १५ कोटी डॉलरचे रोखे घेतले आणि शहर तगलं. शिक्षकांचे नेते अल्बर्ट शँकर शेवटच्या घटकेपर्यंत तयार नव्हते. त्यांच्यावर दबाव आला, हेही खरं. तरी तिथे कामगारांकडे पैसे मागितले गेले. रोखे निघाले, त्यांवर व्याज होतं, परतफेडीची तारीख होती. डेट्रॉइटने २०१३ मध्ये न्यायालयात दिवाळखोरी मागितली आणि पोलीस-अग्निशमन सोडून बाकी निवृत्त कर्मचाऱ्यांच्या पेन्शनमधून साडेचार टक्के कापले गेले, वर वार्षिक महागाई वाढही गेली. ती कपात क्रूर होती. पण ती न्यायाधीशासमोर झाली, पेन्शनरांचं मत घेऊन झाली. आपल्याकडे महापालिकेला दिवाळखोर ठरवण्याचा कायदाच नाही. त्यामुळे ती कधी बुडत नाही. दर महिन्याला थोडी थोडी बुडते, आणि कोणाचे पैसे बुडाले याचा हिशेब कोणी मागत नाही.

आमच्या युनियनने तो मागितला. लागोपाठ पगार लांबले, दिवाळीला सानुग्रह अनुदान नाही, महागाई भत्त्याचा फरक किती वर्षांचा साठला ते कामगारांनाही आठवेना. युनियनने चौदा दिवसांची नोटीस दिली आणि काम बंद झालं. पाणीपुरवठा आणि अग्निशमन त्यांनी आपणहून वगळले होते. गेट मीटिंगला सकाळी बायकाच जास्त असायच्या. भाजीबाजाराच्या कोपऱ्यावर दोन-तीन दिवसांतच ढीग साचला, कुत्री आणि डुकरं त्यात शिरली. आदल्या आठवड्यापर्यंत झाडूवालीला पेलाभर पाणी न देणारे लोक 'यांना पगार देऊन टाका एकदाचा' असं म्हणायला लागले. मेस्मा, म्हणजे अत्यावश्यक सेवांचा कायदा, लावू, अशी भाषा वरून झाली.

तडजोडीची बैठक आयुक्तांच्या दालनात होती आणि मला रजिस्टर घेऊन बोलावलं होतं. युनियनचे सरचिटणीस पाणीपुरवठ्यात पंप ऑपरेटर होते. आवाज कधी न चढवणारा माणूस. आयुक्तांनी अनुदानाचे आकडे, विजेचं बिल, कर्जाचे हप्ते सगळं समजावून सांगितलं. प्रामाणिकपणे सांगितलं; ते नव्याने बदलून आलेले होते आणि खोटं बोलणारे नव्हते. सरचिटणीसांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "साहेब, पगाराला पैसे नाहीत हे आम्ही मानतो. पण जे आमच्या पगारातनं कापलेत, ते कुठं आहेत?"

आयुक्तांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे तक्ता तयार होता: कोणत्या शीर्षाखाली, कोणत्या महिन्यापासून, किती कपात झाली आणि त्यातली किती भरली. बरेच दिवस घरी बसून मी तो जुळवला होता. कोणी सांगितलं नव्हतं. तो कागद मी त्यांच्यापुढे सरकवला. शेवटची बेरीज बँकेच्या कर्जाच्या रकमेशेजारी ठेवली तर लहान दिसत नव्हती. आयुक्तांनी ती दोनदा वाचली आणि लेखाधिकाऱ्यांना विचारलं, हे अंदाजपत्रकात कुठे दाखवलंय? कुठेच दाखवलेलं नव्हतं.

त्या बैठकीतून जे निघालं ते कामगारांच्या मनासारखं नव्हतं, पण लेखी होतं. अनुदान ज्या दिवशी जमा होईल त्याच दिवशी कपातीची रक्कम वेगळ्या बँक खात्यात वळवायची आणि त्या खात्यातून दुसरा कुठलाही खर्च करायचा नाही. जुना भरणा हप्त्यांनी करायचा. पतसंस्थेचं दंडव्याज महापालिकेने सोसायचं. त्याबदल्यात महागाई भत्त्याच्या फरकाची मागणी युनियनने दोन वर्षं पुढे ढकलली. सभेत काहींनी सरचिटणीसांना विकले गेलात असंही म्हटलं. मला मात्र तो करार न्यायाचा वाटतो. कामगारांनी शहराला पुन्हा उसने दिलेच, पण या वेळी विचारून, तारीख घालून दिले.

या हिशेबात एक मोठी गळती आहे, ती लपवणार नाही. घंटागाडीवरची पोरं, गटार सफाईची टोळी, रात्रपाळीचे झाडूवाले यातले निम्म्याहून जास्त ठेकेदाराचे होते. ते माझ्या पगारबिलात नव्हतेच. ठेकेदाराचं बिल अडकलं की त्यांचा पगार अडकायचा. बिल निघालं तरी पगार निघेलच असं नव्हतं. त्यांचा भविष्य निर्वाह निधी ठेकेदार भरतो की नाही, हे बिलासोबत जोडलेल्या चलनाच्या झेरॉक्सवरून ठरायचं आणि तीच झेरॉक्स कधी कधी दोन महिन्यांच्या बिलांना लागलेली मी पाहिली आहे. हरकत लिहून बिल परत पाठवलं की मला निरोप यायचा, पगार अडवता का गरिबांचा? संपाच्या दिवसांत बाजारातला ढीग उचलायला याच पोरांना पाठवलं गेलं. कायम कामगारांनी त्यांना अडवलं, शिव्या दिल्या. दोन्हीकडची माणसं एकाच वस्तीतली होती. कायम नोकरीची शाश्वती, लाड-पागे समितीमुळे सफाई कामगारांच्या वारसांना मिळालेला नोकरीचा हक्क, हे सगळं युनियनने जपलं आणि जपायलाच हवं होतं. पण ठेक्यावरच्या माणसासाठी दार उघडायला आमची युनियन फार उशिरा तयार झाली. मुंबईत कचरा वाहतूक श्रमिक संघाने ते काम आधीपासून हाती घेतलं; २०१७ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिथल्या २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करायला सांगितलं, आणि त्यामागे वर्षानुवर्षांची लढाई होती. मुंबई श्रीमंत महापालिका आहे, हेही लक्षात ठेवायला हवं. आमच्यासारख्या गावात असा निकाल आला असता तर पैसे कुठून आणायचे हा प्रश्न मलाच विचारला गेला असता.

आणि पैसे कुठून आणायचे, याचं उत्तर इतकं अवघडही नाही. घरपट्टीचं फेरमूल्यांकन दर चार वर्षांनी व्हायला हवं. आमच्याकडे ते निवडणूक जवळ आली की पुढे जायचं, आणि निवडणूक तर कुठली ना कुठली जवळ असतेच. ज्या इमारती तीन मजल्यांच्या झाल्या त्यांची नोंद एकमजली घराचीच राहायची. थकबाकीवर महिन्याला दोन टक्के शास्ती लागते, पण मार्चअखेर अभय योजना येते आणि शास्ती माफ होते. मग वेळेवर भरणाराही पुढच्या वर्षी थांबून बघतो. थकबाकीदारांच्या यादीत सरकारी कार्यालयं असायची, मोठ्या संस्था असायच्या, सभागृहात पगारावर तावातावाने बोलणाऱ्यांची घरंही असायची. वसुली लिपिकाने अशा दारावर जप्तीची नोटीस लावली तर त्याची बदली व्हायची. एका बाजूला शास्ती माफ आणि दुसऱ्या बाजूला मावशींना दंडव्याज, हे एकाच इमारतीत, एकाच मजल्यावर चालायचं. त्याचा राग मला नोकरीत असताना यायचा आणि आजही येतो.

मी निवृत्त झाले तेव्हा माझी ग्रॅच्युइटी आणि रजेचं रोखीकरण हप्त्यांनी मिळालं. त्याबद्दल तक्रार नाही, माझ्याहून गरजू माणसं रांगेत पुढे होती. आता आम्ही काही पेन्शनर मिळून दर तीन महिन्यांनी माहितीच्या अधिकारात अर्ज करतो. अर्जात एकच विचारतो: अनुदान कोणत्या तारखेला जमा झालं आणि कपातीच्या वेगळ्या खात्यात कोणत्या तारखेला किती रक्कम वळवली. पहिली दोन उत्तरं व्यवस्थित आली, तारखा जुळत होत्या. तिसऱ्या उत्तरात फेब्रुवारीची रक्कम एप्रिलमध्ये वळवलेली दिसली. मधल्या काळात ती कुठे होती, असं विचारणारा चौथा अर्ज मी मागच्या सोमवारी आवक-जावक विभागात देऊन पोच घेतली आहे.